नळापर्यंतची वाट

माझी भाची चित्रपट-संकलन शिकते. गेल्या दिवाळीत ती आमच्याकडे राहायला आली असताना एका रात्री जेवणे उरकल्यावर मी तिच्यासाठी माझ्या आवडीची एक जुनी टेलिफिल्म लावली: ‘द ऑटोबायोग्राफी ऑफ मिस जेन पिटमन’, अमेरिकेत १९७४ च्या जानेवारीत सीबीएस वाहिनीने दाखवलेली. पाहता पाहता शेवटचा प्रसंग आला. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या लुईझियाना राज्यातल्या एका गावात न्यायालयाच्या इमारतीसमोर पिण्याच्या पाण्याचा एक नळ आहे आणि तो फक्त गोऱ्यांसाठी असल्याची पाटी तिथे लावलेली आहे. गुलामगिरीत जन्मलेली, आता ११० वर्षांची झालेली जेन काठी टेकत त्या नळाकडे निघते. वर्दीतले गोरे पोलीस पाहत उभे आहेत, मागे तिची माणसे थांबली आहेत आणि ती चालत राहते. भाचीने पाय पोटाशी घेऊन थोडा वेळ पाहिले आणि अगदी सहज, शिकत असलेल्या विषयाच्या सवयीने विचारले, “मावशी, एवढं चालणं कशाला ठेवलंय? दोन शॉटमध्ये झालं असतं.”

प्रश्न चुकीचा नव्हता. जे प्रेक्षकाला कळून चुकले आहे ते कापायचे, हे तिला शिकवलेले आहे आणि योग्यच शिकवलेले आहे. म्हातारी नळापाशी जाणार आणि पाणी पिणार, हे पहिल्या दोन पावलांतच आपल्याला कळते. मग बाकीची पावले कशासाठी? त्या रात्री मी तिला एवढेच म्हटले की, आधी पूर्ण पाहून घे. नंतर बोलणे दुसरीकडे वळले, ती झोपायला गेली, सुट्टी संपली. मला मात्र तो प्रश्न सोडीना. ते चालणे कापले तर काय जाईल, हे नेमके सांगायचे म्हटले की माझ्यासमोर त्या प्रसंगाऐवजी तो साकारणाऱ्या बाईंचा सगळा प्रवास उभा राहत असे. सिसिली टायसन यांचा. रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही ठिकाणी साठ वर्षांहून अधिक काळ त्या वावरल्या आणि त्यातला बराच काळ त्यांनी मनाजोगत्या भूमिकेची वाट पाहण्यात घालवला.

आधी त्या चालण्याविषयीच बोलते. म्हातारपण वठवायचे म्हटले की बहुतेक नट थरथरू लागतात. हात कापतात, मान डुगडुगते, आवाज चिरका होतो, आणि काही मिनिटांतच आपल्याला म्हातारपण न दिसता मेहनत दिसू लागते. टायसन यांची जेन हिशेबाने चालते. पाऊल उचलण्याआधी काठी टेकायची, काठी भार घेईल याची खात्री करायची, मग एक पाय पुढे, मग दुसरा त्याच्या जोडीला, मग किंचित थांबायचे. नजर मात्र सारखी पुढे. माझी आजी शेवटच्या काही वर्षांत खुर्चीतून उठायची तेव्हा ती आधी दोन्ही तळवे खुर्चीच्या हातांवर ठेवायची, एक श्वास घ्यायची, तोंडाने कुणाशी तरी बोलत असली तर ते बोलणे थांबवायची आणि मगच उठायची. उठणे हे एक काम आहे आणि त्या वेळी दुसरे कोणतेही काम करता येत नाही, हे तिच्या शरीराला ठाऊक झालेले होते. जेनच्या चालण्यात मला ते शहाणपण दिसते. या भूमिकेच्या तयारीसाठी टायसन वृद्धाश्रमांत जाऊन तिथल्या माणसांना पाहत बसत असत. चेहरा वृद्ध केला तो स्टॅन विन्स्टन आणि रिक बेकर या दोन रंगभूषाकारांनी, तासन्‌तास खपून. पुढे या कलेतली फार मोठी नावे झाली ती दोघे. पण सुरकुत्या लावता येतात, पावलांमधला हिशेब लावता येत नाही. तो त्या वृद्धाश्रमांतल्या बैठकांमधून आलेला असणार.

भूमिका विशी-बाविशीपासून सुरू होते आणि ११० व्या वर्षापर्यंत जाते. एकच बाई, एकच शरीर, अमेरिकन यादवी युद्धानंतरच्या दिवसांपासून १९६२ पर्यंत. या कामासाठी टायसन यांना दूरचित्रवाणीचे एमी पुरस्कार मिळाले. पण मला अधिक विचार करायला लावले ते एका वेगळ्याच गोष्टीने. त्या वेळी प्रेक्षकांना आणि वृत्तपत्रांना त्या चाळिशीच्या आसपासच्या वाटत होत्या. प्रत्यक्षात त्या ४९ वर्षांच्या होत्या. त्यांचा जन्म १९ डिसेंबर १९२४ चा. व्यवसायात उशिरा आल्यामुळे सुरुवातीलाच त्यांना वयातून दहा वर्षे वजा करून सांगण्याचा सल्ला मिळाला होता आणि तो त्यांनी पाळला. म्हणजे कागदावर दहा वर्षे उणी आणि पडद्यावर साठ वर्षे अधिक, अशा दोन उलट्या बेरजा एकाच देहावर चालू होत्या. काळ्या नटीला तिशीनंतर भूमिका मिळवायची तर आपले खरे वय झाकावे लागे, आणि त्याच नटीने सगळ्या देशाला वय म्हणजे काय ते दाखवले. मला यात फार मोठे दुःख दिसते आणि तितकेच मोठे कौतुकही वाटते. दोन्ही एकमेकांपासून वेगळे करायला मला जमत नाही.

हा नळाचा प्रसंग अर्नेस्ट गेन्स यांच्या मूळ कादंबरीत नाही. कादंबरी त्याआधीच, जेन शहराकडे निघते तिथे, संपते. नळापर्यंतची वाट ही पडद्यासाठी नव्याने रचलेली आहे, म्हणजे ती एका चालणाऱ्या शरीराच्या भरवशावर रचलेली आहे. तिथे टायसन नसत्या तर माझ्या भाचीचे म्हणणे कदाचित कुणीतरी संकलनाच्या टेबलावरच मान्य केले असते.

मराठी माणसाला हा प्रसंग पाहताना महाड आठवल्याशिवाय राहत नाही. मला पहिल्यांदा पाहतानाच आठवले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि त्यांनी ओंजळीने पाणी घेतले, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सिसिली दोन वर्षांची होती. काळ्यांची वस्ती असलेल्या ज्या हार्लेमच्या परिसरात ती वाढत होती त्याला लागूनच कोलंबिया विद्यापीठ आहे, जिथे १९१३ ते १९१६ या काळात आंबेडकर शिकले. पुढे १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याविषयी आस्था कळवली होती, आणि मुंबईत १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती नावापासूनच अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’कडे पाहत. महाडला हजारो माणसे होती आणि तो इतिहास आहे. जेन कल्पनेतली आहे आणि ती एकटी चालते. तरीही पाणी पिण्यासाठी वाकलेली ती मान पाहताना माझ्या घशात जे दाटून येते ते केवळ अमेरिकेच्या इतिहासामुळे येत नाही.

सिसिलीचे आईवडील कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरून न्यूयॉर्कला आले होते. घरात पैसा नव्हता. लहानपणी ती ईस्ट हार्लेमच्या रस्त्यांवर बाजारहाटाच्या पिशव्या विकत असे. आई लोकांच्या घरी कामाला जाई, आणि उरलेला सगळा वेळ चर्चचा. सिनेमा वर्ज्य, नाटक तर पापाचेच घर. त्या घरातल्या मुलीने गायचे ते प्रार्थनागृहात, वाजवायचे तेही तिथेच. मोठेपणी टायसन रेड क्रॉसच्या कचेरीत टंकलेखिका होत्या आणि आयुष्यभर टंकलेखन यंत्र बडवण्यासाठी देवाने मला जन्माला घातलेले नाही, असे एके दिवशी त्या उठून म्हणाल्या, ही गोष्ट त्यांनी पुढे अनेकदा सांगितली. आधी छायाचित्रांसाठी मॉडेल म्हणून काम, मग नाटक. आईने घराबाहेर जायला सांगितले आणि मायलेकींत दीर्घ अबोला धरला गेला. नाटकात गेलेल्या मुलींच्या घरांतली अशी भांडणे आपल्याकडे कमी झालेली नाहीत, म्हणून मला त्या आईचा राग येत नाही. तिला आपली मुलगी नरकात जाणार असे खरोखर वाटत होते, आणि ज्याला असे वाटते तो माणूस याहून वेगळे काय करील?

१९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स प्लेहाउस या छोट्या नाट्यगृहात फ्रेंच नाटककार ज्याँ जने यांचे ‘द ब्लॅक्स’ सुरू झाले. काळ्या नटांपैकी काहींनी गोरे मुखवटे चढवून गोऱ्या सत्ताधीशांची सोंगे काढायची, असे ते नाटक. त्याचे १४०८ प्रयोग झाले. रंगमंचावर कोण होते, तर जेम्स अर्ल जोन्स, रॉस्को ली ब्राउन, लुई गॉसेट ज्युनियर, माया अँजेलो आणि सिसिली टायसन. एका पिढीचे सगळे सामर्थ्य त्या लहानशा जागेत एकवटले होते. मी त्या नाटकाची छायाचित्रे पाहते तेव्हा मला हेवा वाटतो तो प्रेक्षकांचा. आपण काय पाहत आहोत हे त्यांना त्या रात्री कळले असेल का?

दूरचित्रवाणीवर त्या लगेचच, १९६३ मध्ये, ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ या मालिकेत आल्या. समाजसेवकाच्या कचेरीतली सचिव, नायक जॉर्ज सी. स्कॉट. मालिका एकाच हंगामात बंद पडली. पण त्या दर आठवड्याला घराघरांत दिसल्या त्या आपल्या मूळच्या कुरळ्या, आखूड कापलेल्या केसांनी. काळ्या बायकांनी केस तापवून, ताणून, सरळ करून मगच चारचौघांत यायचे, अशा त्या काळात ही गोष्ट किती मोठी होती हे माझ्यासारख्या बाहेरच्या बाईला पूर्ण उमगणार नाही. तरी थोडे उमगते. बाईच्या केसांवर घराची, जातीची, वैधव्याची, अब्रूची केवढी सत्ता असते हे आपल्या आज्या-पणज्यांना विचारावे. कॅमेऱ्यासमोर तसेच, आहेत त्या केसांनी बसून टंकलेखन करणे यात घोषणा काहीच नव्हती. काम चालू होते आणि डोके स्वतःचे होते.

पुढे त्यांचे नकार सुरू झाले.

या नकारांविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे, कारण ते कुठल्याही पुरस्कारांच्या यादीत सापडत नाहीत. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला काळ्या प्रेक्षकांसाठी चित्रपट निघू लागले होते, पैसा येत होता, नटांना कामे मिळत होती. पण बायकांना बहुधा वेश्या, व्यसनी किंवा कुणाची तरी सजावट एवढेच व्हायचे असे. टायसन यांनी ते घेतले नाही. जिच्याकडे पाहून एखाद्या काळ्या मुलीला मान खाली घालावी लागेल अशी बाई मी उभी करणार नाही, असा त्यांचा पण होता. असा पण ऐकायला छान असतो. घरभाडे द्यायच्या दिवशी तो कसा वाटतो हे ज्याने केला त्यालाच माहीत. त्यात एक अडचणीचा प्रश्नही आहे आणि तो मला टाळायचा नाही. वेश्या, व्यसनी बाई, मोलकरीण यांचीही आयुष्ये असतात आणि ती थोर नटीने साकारली तर त्यांनाही प्रतिष्ठा मिळते. टायसन यांची स्वतःची आई लोकांच्या घरी कामाला जात होती, आणि पुढे अनेक वर्षांनी, ‘द हेल्प’मध्ये, त्यांनी एका घरकाम करणाऱ्या वृद्धेची छोटीशी भूमिका अशी केली की ते दोन-तीन प्रसंग सगळ्या चित्रपटावर सावली धरून राहतात. म्हणजे त्यांचा नकार त्या व्यवसायांना नव्हता. लिहिणाऱ्याने त्या बाईला माणूस म्हणून पाहिलेच नसेल तर मी तिला माझे शरीर देणार नाही, असा तो होता. हे मला पटते. तरीही त्या काळात आलेल्या अर्ध्याकच्च्या भूमिकांपैकी एखादी त्यांनी स्वीकारून पूर्ण केली असती, असेही मनात येतेच.

मग १९७२ मध्ये ‘साउंडर’ आला. १९३३ सालचे लुईझियाना, मंदीचे दिवस, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणारे काळे कुटुंब. पोरांच्या पोटासाठी चोरी केली म्हणून बापाला कैद होते आणि रेबेका नावाची आई शेत, मुले आणि लोकांची धुणी सांभाळत वर्ष काढते. दिग्दर्शक मार्टिन रिट. टायसन यांना आधी त्यातल्या शिक्षिकेची लहान भूमिका देऊ केली होती. रेबेकासाठी त्या फार देखण्या वाटत होत्या. त्यांनी रेबेकाचाच आग्रह धरला. त्यातला एक प्रसंग पाहिलेला माणूस तो विसरत नाही. उन्हात रस्त्याच्या टोकाला कुणीतरी लंगडत येताना दिसते. कुत्रा आधी ओळखतो. आई पडवीत उभी राहून डोळे बारीक करून पाहते, विश्वास ठेवायला तयार नसते, आणि मग पळत सुटते. ते पळणे सुंदर नाही. हात कसेही हलतात, वेशभूषेतला जाडाभरडा झगा पायांत येतो, तोंडातून निघणारा आवाज नवऱ्याच्या नावाचा आहे की नुसता हुंदका आहे हे समजत नाही. रस्ता लांब आहे आणि दिग्दर्शकाने तो तोडलेला नाही. वर्षभर तिने ज्या बाईला आवरून धरलेले असते ती त्या धुळीच्या रस्त्यावर सुटते.

माझ्या भाचीच्या प्रश्नाचा एक तुकडा मला इथे सापडला. टायसन यांच्या दोन सर्वश्रेष्ठ प्रसंगांत त्या एक अंतर पायांनी कापतात, एकात धावत आणि दुसऱ्यात काठीने. आणि दोन्हींत त्या कुठे पोहोचणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. पोहोचण्यात काही गूढ उरलेले नसते. पाहण्यासारखे असते ते त्या अंतराने त्या देहाचे काय केले आहे ते. दोन शॉटमध्ये जेन नळापाशी पोहोचेल, पण तिने आयुष्यभर तो नळ ज्या अंतरावरून पाहिला ते अंतर आपल्याला पायांखाली जाणवणार नाही.

‘साउंडर’च्या प्रसिद्धीसाठी फिरत असताना एक गोरा पत्रकार त्यांना म्हणाला की, पडद्यावरचा काळा मुलगा आपल्या बापाला ‘डॅडी’ म्हणतो हे ऐकून मी अस्वस्थ झालो, कारण माझा मुलगाही मला तेच म्हणतो. टायसन यांनी ही गोष्ट पुढे अनेक ठिकाणी सांगितली. त्या माणसाने ती दुष्टपणे सांगितली नव्हती. तो प्रामाणिकपणे आपल्या मनातली गोष्ट बोलत होता, आणि त्यामुळेच ती भयंकर होती. नुसती नटी होऊन आपल्याला भागणार नाही, हे आपण त्या क्षणी ठरवले, असे त्या सांगत.

त्या वर्षीच्या ऑस्करसाठी उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून टायसन आणि डायना रॉस अशा दोन काळ्या नटींना एकाच वेळी नामांकन मिळाले. त्याआधी त्या गटात काळी नटी म्हणून एकट्या डोरोथी डँड्रिज येऊन गेल्या होत्या, १९५४ सालच्या चित्रपटासाठी. पुरस्कार लायझा मिनेली यांना गेला. नामांकनानंतर दारे उघडतात असे आपण मानतो. टायसन यांच्यासाठी चित्रपटांची दारे उघडली नाहीत. त्यांना खऱ्या अर्थाने वाढू दिले ते दूरचित्रवाणीने: जेन पिटमन, गुलामगिरीवरच्या ‘रूट्स’ या मालिकेतली नायक कुंटा किंटेची आई, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग, शिकागोतल्या शिक्षिका मार्वा कॉलिन्स. रंगभूमीवर १९८३ मध्ये ‘द कॉर्न इज ग्रीन’ या जुन्या नाटकात वेल्समधल्या खाणकामगारांच्या मुलांना शिकवणारी मास्तरीण त्यांनी केली, पण ते नाटक फार चालले नाही. मधल्या काळात जाझ संगीतातले थोर वादक माइल्स डेव्हिस यांच्याशी लग्न आणि मग घटस्फोट. त्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी त्यात भर घालत नाही.

१९८५ मध्ये जेराल्डिन पेज यांचा ‘द ट्रिप टू बाउंटिफुल’ हा चित्रपट पाहून टायसन यांनी आपल्या एजंटला सांगितले होते की, मला माझे ‘बाउंटिफुल’ मिळवून द्या, मग मी निवृत्त होईन. ते मिळायला २०१३ साल उजाडले. ह्यूस्टन शहरात मुलगा आणि सुनेबरोबर कोंदट घरात राहणारी कॅरी वॉट्स ही म्हातारी मरण्याआधी एकदा आपले गाव पाहायचे म्हणून गुपचूप पळून जाते, एवढेच त्या नाटकाचे कथानक. हॉर्टन फूट यांनी ते गोऱ्या कुटुंबाविषयी लिहिले होते. इथे ते कुटुंब काळे झाले आणि संहितेत फारसे काही बदलावे लागले नाही. बस स्थानकावरच्या प्रसंगात कॅरी एक जुने ख्रिस्ती भजन गाऊ लागते. टायसन उठून गाऊ लागल्या की समोरचे प्रेक्षकही त्यांच्याबरोबर गाऊ लागत. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, म्हणजे ब्रॉडवेवर, महागड्या तिकिटांच्या प्रेक्षागृहात, एका प्रयोगाला नव्हे तर प्रयोगामागून प्रयोगाला. मी तो नाट्यप्रयोग पाहिलेला नाही. दुसऱ्या वर्षी त्याची टेलिफिल्म झाली ती पाहिली आहे, आणि तीत त्या बाकावरून उठून हात हवेत फेकत भजन म्हणतात तेव्हा त्यांच्या अंगात जी ताकद येते ती ८९ वर्षांच्या बाईची आहे हे मनाला पटवून घ्यावे लागते. त्यांना ते भजन नाटकासाठी शिकावे लागले नसणार. ज्या आईने नाटकाला पाप मानून मुलीला घराबाहेर काढले, तिनेच हाताला धरून नेलेल्या प्रार्थनागृहातल्या गाण्याने अनेक दशकांनंतर ते नाट्यगृह भरून गेले. आईला हे पाहायला मिळायला हवे होते.

या भूमिकेसाठी त्यांना रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला आणि त्यांचे खरे वय तेव्हाच बहुतेकांना कळले. ८८. जे वय इतकी वर्षे झाकून ठेवावे लागले ते आता बातमीचा मथळा झाले. पुरस्कार घेताना त्या म्हणाल्या की, रंगमंचावर उभी राहून मला तीस वर्षे झाली होती. निवृत्त होण्याचे वचन मात्र त्यांनी मोडले, आणि फार बरे केले. २०१५ मध्ये, नव्वदीत, त्या जेम्स अर्ल जोन्स यांच्यासमोर ‘द जिन गेम’ या दोन पात्रांच्या नाटकात उभ्या राहिल्या. १९६१ मध्ये त्या छोट्या नाट्यगृहात बरोबर काम केलेली ती दोघे. आता वृद्धाश्रमातली दोन माणसे पत्ते खेळत होती आणि रंगभूषेची गरज उरली नव्हती.

त्याच वर्षी ‘हाउ टू गेट अवे विथ मर्डर’ या मालिकेत त्या व्हायोला डेव्हिस यांच्या आईच्या भूमिकेत आल्या. तीत एक प्रसंग आहे. मुलगी, नावाजलेली वकील, जमिनीवर बसली आहे. आई मागे बसून तिला दोन गुडघ्यांमध्ये घेऊन तिचे केस विंचरते आहे. भांग पाडला जातो, केसांचा एकेक भाग सोडवला जातो, फणीचा आवाज ऐकू येतो आणि विंचरता विंचरता आई घरातल्या एका जुन्या अत्याचाराची आणि आपण त्याचा जो निकाल लावला त्याची गोष्ट सांगते. आवाज चढत नाही, हात थांबत नाहीत. जे सांगायचे आहे ते मुलीच्या डोळ्यांत पाहून सांगता आले नसते. केस विंचरताना तोंडे एकाच दिशेला असतात, म्हणून ते शक्य होते. आपल्या घरांतही किती गोष्टी आयांनी मुलींना अशाच वेण्या घालताना सांगितल्या असतील. व्हायोला डेव्हिस यांनी अनेकदा सांगितले आहे की, ऱ्होड आयलंडमध्ये अत्यंत गरिबीत वाढत असताना त्यांनी घरातल्या मोडक्या टीव्हीवर ‘मिस जेन पिटमन’ पाहिला आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या त्या बाईकडे पाहून नटी व्हायचे ठरवले. ज्या मुलीसाठी टायसन यांनी इतकी वर्षे इतक्या भूमिका नाकारल्या ती कुठेतरी खरोखर बसलेली होती, आणि आता ती त्यांच्या गुडघ्यांपाशी बसून केस विंचरून घेत होती.

नंतरचे सन्मान झपाट्याने आले: २०१५ मध्ये केनेडी सेंटरचा, २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक, २०१८ मध्ये मानद ऑस्कर, जे कुठल्याही काळ्या स्त्रीला मिळालेले पहिलेच. त्यांचे आत्मचरित्र २६ जानेवारी २०२१ ला प्रसिद्ध झाले आणि २८ जानेवारीला, ९६ व्या वर्षी, त्या गेल्या. शेवटच्या आठवड्यापर्यंत त्या मुलाखती देत होत्या. हार्लेममधल्या अ‍ॅबिसिनियन बाप्टिस्ट चर्चबाहेर फेब्रुवारीच्या थंडीत लोक त्यांच्या अंत्यदर्शनासाठी रांगेत उभे होते.

हे सगळे वाचताना लोक म्हणतात की, केवढा संयम, केवढी शालीनता. मलाही त्यांचा संयम मोठा वाटतो. पण १९८३ ते २०१३ हा काळ मी पुन्हा पुन्हा मोजून पाहते. त्या तीस वर्षांत त्यांना ब्रॉडवेवर एकही नाटक मिळाले नाही आणि त्या वेळी त्या अठ्ठावन्नच्या अठ्ठ्याऐंशी झाल्या. नटीचा आवाज, अनुभव, शरीर हे सारे ज्या वयात एकत्र पिकते ते हेच वय. चेखवच्या ‘द चेरी ऑर्चर्ड’मधली, बाग गमावणारी रानेव्हस्काया त्यांनी कशी केली असती? ज्या बाईला रस्त्याच्या टोकाकडे पाहत उभे राहणे इतके उत्तम ठाऊक होते तिने आपली विकलेली बाग शेवटची कशी पाहिली असती? इब्सेनच्या ‘घोस्ट्स’मधली मिसेस आल्विंग, ब्रेख्तची गाडी ओढणारी मदर करेज, या भूमिका त्यांच्या दाराशी कुणी का नेल्या नाहीत? नकार त्यांचे होते हे मला मान्य आहे, पण मुळात विचारलेच गेले नाही असेही पुष्कळ काही असणार, आणि त्याचा हिशेब त्यांच्या तत्त्वनिष्ठेच्या खात्यावर मांडणे मला अन्यायाचे वाटते. मानद ऑस्कर हातात घेतलेले त्यांचे छायाचित्र सुंदर आहे. ते पाहताना आनंद होतो, आणि त्या तीस वर्षांचा राग जात नाही.